एका पावलाचा केसपेपर

मी दवाखान्यात नोकरीला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. नर्स? नाही. मग लॅबमध्ये? तेही नाही. मग करता काय? केसपेपर सांभाळते, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि जरा वेळाने हळूच विचारणा व्हायची, "म्हणजे डॉक्टरांचा नंबर लवकर नाही का लावून मिळायचा?" अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात लागले, तेव्हापासून हे ऐकत आले. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे मीच फटकन सांगायला लागले, की तुम्ही बरे होऊन घरी जाता, डॉक्टर दवाखाना सोडून जातात, मागे जे उरतं ते माझ्याकडे असतं.

आमची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. चिऱ्याच्या भिंती. चिरा पाणी पितो, आणि प्यालेलं पाणी श्रावणात आतल्या बाजूला सोडतो, त्यामुळे कागद कायम दमट. बुरशी एका बाजूने, वाळवी दुसऱ्या बाजूने, आणि मधे मी, डांबरगोळ्यांचा डबा घेऊन. माझ्या साड्यांना घरी धुतल्यावरही तो वास यायचा. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई इकडेतिकडे नाक फिरवून म्हणाली, "कुठेतरी ट्रंक उघडलीय वाटतं." मी म्हटलं, हो, ती तुमच्या शेजारीच जेवायला बसली आहे.

काम समजायला सोपं होतं. माणूस घरी गेला की वॉर्डातून त्याचा केसपेपर आमच्याकडे यायचा. सह्या आहेत का, आजाराचं नाव लिहिलंय का, शेवटी काय झालं ते नोंदलंय का, हे बघायचं. नसेल तर डॉक्टरांच्या मागे लागायचं. मोठमोठ्या डॉक्टरांना मी जिन्यात अडवलेलं आहे. मग कागदाला क्रमांक द्यायचा आणि नावाचं एक कार्ड करून लाकडी खणात लावायचं. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं. पुढे कधी तो माणूस परत आला तर कार्डावरून क्रमांक, क्रमांकावरून कागद. कार्ड चुकलं की कागद असून नसल्यासारखा.

आणि कार्ड चुकायला आमच्याकडे कारणं काय थोडी? किनाऱ्यावरच्या गावांत अख्ख्या वाडीचं आडनाव एक. मुसलमान मोहल्ल्यातून बायका यायच्या, पुरुष सगळे आखातात, बरोबर आलेला चुलतभाऊ घरात हाक मारायचं नाव सांगून मोकळा. हिंदूंच्यात लग्नात बायकोचं नाव बदलायचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आई सांगणार माहेरचं नाव, सासरहून कोणी आलं की ते सांगणार सासरचं, आणि एकाच बाईची माझ्याकडे दोन कार्डं. एक बाई तर माझ्या हिशेबाने दोनदा भरती झाली होती आणि एकदाच घरी गेली होती.

त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. खेड्यातल्या बायका नावच घेत नसत. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. मग नोंदणीच्या खिडकीवर कोडी सुरू. "आमावस्येच्या उलटं." "तुमच्या मागं जो डोंगर हाय न्हवं, त्याच्या देवाचं." आतला कारकून निम्मं समजून घ्यायचा, निम्मं स्वतःच्या मनाचं लिहायचा, आणि ते माझ्या खणात येऊन पडायचं. मला याचा मनस्वी राग होता. नाव घेऊन कोणी मरत नाही, पण नाव चुकून माणूस हरवतो हे मी रोज बघत होते.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी आमच्याकडे संगणक आले. लोकांना वाटलं मी आता कुरकुर करणार. मी कशाला करते? संगणकाला बुरशी लागत नाही, ही एकच गोष्ट मला पुरेशी होती. पण संगणकांना जागा हवी होती, आणि विश्वस्तांनी ठरवलं की जुन्या केसपेपरांतली मोजकी माहिती संगणकात भरायची आणि कागद लगद्याला पाठवायचे. कचेरीच्या भाषेत याला निंदणी म्हणतात. आमच्याकडे भातातलं तण काढायला बेणणी म्हणतात, तसलंच ते. आमच्या व्यवस्थापक साहेबांना मी विचारलं, "साहेब, तण कुठलं आणि भात कुठलं ते कोणी ठरवायचं?"

"बाई, सगळं संगणकात येणारच आहे," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं म्हणजे नाव, वय, आजार, आल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि शेवटचा रकाना: बरा, सुधारला, मृत.

आम्ही गठ्ठे बांधायला सुरुवात केली. शनिवारी टेम्पो येणार होता.

त्याच आठवड्यात सोमवारी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पूर्णगडच्या बाजूची, पहिल्या एस.टी.ने आलेली. हातात कापडी पिशवी, पदर नीट खोचलेला. मला वाटलं, विम्याच्या कागदासाठी आली असणार.

"बाई, माझ्या पोरीचं पाऊल तुमच्याकडं हाय," ती म्हणाली.

मला आधी कळेना. मग कळलं. आमच्याकडे मूल जन्मलं की शिक्क्याच्या पॅडवर त्याची पावलं टेकवून केसपेपरवर उठवायचे, शेजारी आईचा अंगठा. मुलांची अदलाबदल होऊ नये म्हणून. एवढुशी पावलं, जांभळ्या शाईतली. आम्ही ती रोज बघत होतो, त्यामुळे बघत नव्हतो.

मी म्हटलं, "पोरगी कुठे आहे? मोठी झाली असेल ना आता?"

"न्हाय ऱ्हायली ती."

मी तिला स्टुलावर बसवलं. तिने सांगितलं ते एवढंच. सात-आठ वर्षांपूर्वी तिला पहिली मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात. दिवस भरायच्या आधी आली, श्वास पुरेना. आठवडाही काढला नाही. नवरा मालवाहू बोटीवर खलाशी, तो तेव्हा समुद्रात. तो परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बारसं झालं नव्हतं, म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे सुतक नाही, श्राद्ध नाही, काही नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, ते धरायचं नाही. नंतर तिला दोन मुलगे झाले. कोणी विचारलं मुलं किती, की सासू पुढे होऊन सांगते, दोन.

"तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"मी बी दोनच सांगते," ती म्हणाली. "पन माज्या तोंडात तीन येतंय."

तिच्या शेजारची बाई आमच्या दवाखान्यात आया होती. तिने सांगितलं होतं की जुने कागद शनिवारी जाणार. आणि नवरा सुट्टीवर घरी होता, पुढच्या आठवड्यात परत बोटीवर जाणार होता. त्याने त्या मुलीला बघितलं नव्हतं. तिचा फोटो नाही, टोपडंसुद्धा ठेवू दिलं नाही कोणी. त्याच्याजवळ विषय काढला की तो म्हणे, जे बघितलंच नाही त्याचं काय घेऊन बसायचं. असं म्हणून उठून जाई. तिला ते पाऊल त्याला दाखवायचं होतं. एकदा, बोटीवर जायच्या आधी.

"येवडंच हाय जगात तिचं," ती म्हणाली. "ह्यांनी बघितलं की झालं. मग जाळा न्हायतर काय बी करा."

मी कामाचंच बोलले, कारण मला दुसरं काही येत नाही. नाव विचारलं. आडनाव असं, की तेवढ्या एका आडनावाचे माझ्याकडे दोन खण भरलेले. तिचं नाव देवीचं, किनाऱ्यावरच्या निम्म्या सुनांना ठेवलेलं. सगळी मदार नवऱ्याच्या नावावर.

"नवऱ्याचं नाव?"

तिने मान खाली घातली.

"अगो, नाव सांग. उखाणा नको घालूस, नुसतं नाव."

शेवटी मी कागद-पेन्सिल पुढे सरकवली, तेव्हा तिने लिहून दिलं. गणपतीच्या नावांपैकी एक नाव. मी खण उपसले. त्या नावाचं कार्ड नव्हतं. माहेरच्या नावाने बघितलं, तिच्या बापाच्या नावाने बघितलं. नाही. दुपार झाली. मी तिला म्हटलं, "बाय, नाहीये गो. पुरात, ओलीत, कशात तरी गेलं असेल. जा तू घरी." ती बरं म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मी डबा खाऊन आले तरी ती तिथेच. मला राग आला. तिचा नव्हे, त्या नसलेल्या कार्डाचा, पण निघाला तिच्यावर.

"अजून इथेच का तू? मी काय कार्ड पैदा करू?"

"शेवटची एस.टी. सहाला हाय," ती म्हणाली. "तवर बसते."

मी तिच्याशेजारी बसले. भांडायला म्हणूनच बसले होते खरं तर. म्हटलं, "मला एक सांग. आज तू नाव लिहून दिलंस. तेव्हा पोटात कळा येत असताना काही तू लिहून दिलं नसशील. खिडकीवरच्या कारकुनाला नाव सांगितलं कोणी?"

"मीच. आय पैसे भरायला गेलेली."

"पण तू तर नाव घेत नाहीस."

"घेतलं न्हाय. त्याच्या मागं भिंतीवर कॅलेंडर व्हतं. त्यावर गणपती व्हता. त्याच्याकडं बोट दाखवलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, गणपतीला काय एक नाव आहे? गणेश आहे, गजानन आहे, विनायक आहे, गणपत आहे, मोरेश्वर आहे. बाईने देवाकडे बोट दाखवलं, आणि कारकुनाने स्वतःच्या डोक्यात जो गणपती होता तो लिहून टाकला. तिला वाचता येत होतं, पण त्या वेळी ती काय वाचत बसणार? त्या पोरीचा बाप कागदावर दुसराच कोणी होऊन बसला होता. तो कारकून तेव्हा समोर असता तर मी त्याला त्याच कॅलेंडरात गुंडाळला असता.

मी परत खण उघडले. आडनाव तेच, नाव तेच, आणि नवऱ्याच्या जागी एकेक करून गणपतीची नावं. तिसऱ्या नावाला कार्ड मिळालं. तारीख जुळली. पण तो क्रमांक बांधून झालेल्या गठ्ठ्यांत होता, आणि गठ्ठे छताला लागलेले. मी तिला सांगितलं, "आज जा. बुधवारी ये. नवऱ्याला घेऊनच ये."

"ते येतील काय?"

"ते तू बघ. कागदाचं मी बघते."

मंगळवारचा दिवस मी गठ्ठे सोडण्यात घालवला. साहेब दारात येऊन बघून गेले. "बाई, बांधायचे आहेत, तुम्ही सोडताय काय?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, झेरॉक्स काढून द्या. कागद सापडल्यावर मी झेरॉक्स काढून आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. जांभळी शाई फिकी पडलेली, आणि मशीनने पावलाचा नुसता काळा ठिपका केला होता. कोणी सांगितलं नसतं तर शाई सांडली असं वाटलं असतं. साहेबांनी मूळ पान बघितलं, झेरॉक्स बघितली. त्यांना स्वतःला दोन मुली होत्या.

"शनिवारी जाणारच आहे ना ते," ते म्हणाले. "मग देऊन टाका पान. अर्ज घ्या, नातेवाइकाची सही घ्या. बापाची घ्या."

बुधवारी अकराच्या सुमाराला ती दोघं आली. ती पुढे, तो चार पावलं मागे. उंच, उन्हाने रापलेला, इस्त्रीचा शर्ट. माझ्या खोलीत आल्यावर त्याला हात कुठे ठेवावे कळेना. मी बसायला सांगितलं तर बसला नाही. "किती वेळ लागेल?" त्याने मला विचारलं. "बाजारात काम आहे." बायकोकडे त्याने बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, की त्याला आणायला तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं.

मला त्याचा संताप आला. मनात म्हटलं, एवढा धिप्पाड माणूस, आणि एका कागदाला भितो. मी काही न बोलता पान त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं.

त्याने आधी उभ्यानेच बघितलं. मग वाकून बघितलं. मग टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवले. पंखा चालू होता, पान उडत होतं, म्हणून मी कोपऱ्यावर कात्री ठेवली. त्याने ती उचलून बाजूला ठेवली आणि तिथे आपलं बोट धरलं.

"एकच?" त्याने विचारलं. मला वाटलं मला विचारतोय. पण तो बायकोला विचारत होता. "दुसरा पाय?"

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. इतर कागदांवर दोन पावलं असायची. यावर डावंच होतं.

"उजव्या पायाला सुई लावलेली," ती म्हणाली. "सलाइनची. पट्टी व्हती. जन्मल्या जन्मल्या आत नेलनी, ठसा दुसऱ्या दिवशी घेतलनी."

"हाताला का नाही लावली?"

"हाताची शीर मिळंना."

"रडली?"

"पहिल्यांदा रडली. मग न्हाय."

मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले आणि रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं मृत म्हणून लिहिलेले कागद लावत आले होते, पण हाताची शीर मिळेना हे कुठल्याच रकान्यात नव्हतं, आणि आता ते बाप विचारत होता आणि आई सांगत होती.

थोड्या वेळाने मी नाक पुसून अर्ज पुढे केला. म्हटलं, सही करून पान घेऊन जा. घ्यायचं नसेल तर तसं सांगा, इथे ठेवलं तर शनिवारी जाईल. तिने श्वास रोखलेला मला कळत होता. पान घरी आलं तर सासूसमोर येणार, आणि सासूसमोर आलं तर ते धरावं लागणार. ते ठरवणार तो होता.

त्याने स्टूल ओढलं आणि बसला. पेन मागितलं. अर्जात पहिला रकाना रुग्णाचं नाव. मी म्हटलं, "तिथे फक्त बेबी लिहा. आम्ही तसंच लिहितो. नाव ठेवलेलं नव्हतं ना."

त्याने पेन कागदावर टेकवलं आणि एक नाव लिहिलं. मुलीचं नाव, चांगलं तीन अक्षरी. पुढे आपलं नाव, पुढे आडनाव. अक्षर वळणदार नव्हतं, पण कुठे अडखळलं नाही. नात्याच्या रकान्यात वडील लिहिलं आणि सही केली.

बायको त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"ह्ये कधी ठरवलंत?"

"बोटीवर," तो म्हणाला. "पोरगी झाल्याचा निरोप आला त्या दिवशी. दुसरा निरोप चार दिवसांनी आला, मग सांगणार कोणाला?"

तिने अर्ज हातात घेतला. ते पूर्ण नाव आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मधल्या नवऱ्याच्या नावासकट.